तोट्यातल्या कंपनीत कोट्यवधी का ओततात? व्हीसी गुंतवणूकदारांच्या डोक्यातलं गणित

कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार वीस-पंचवीस वर्षं दुकान चालवतोय. रोज संध्याकाळी गल्ला मोजला की चार पैसे उरतात. त्याला शेजारचा गाळा घ्यायचा असेल, तर बँक आधी तारण मागते, मग तीन वर्षांची विवरणपत्रं, मग जामीनदार.

आता दुसरं चित्र बघा. झेप्टो ही कंपनी २०२१ मध्ये मुंबईत सुरू झाली. आदित पालीचा आणि कैवल्य व्होरा हे तिचे संस्थापक स्टॅनफर्डचं शिक्षण अर्ध्यावर सोडून आलेले, तेव्हा जेमतेम विशीत होते. २०२३-२४ या आर्थिक वर्षात कंपनीचा तोटा १,२०० कोटी रुपयांच्या वर होता. तरी २०२४ या एका वर्षात गुंतवणूकदारांनी तिला तीन टप्प्यांत मिळून १३० कोटी डॉलरहून जास्त, म्हणजे साधारण ११ हजार कोटी रुपये दिले. तारण नाही, जामीनदार नाही आणि परतफेडीचा हप्ताही नाही.

सोशल मीडियावर अशा बातम्यांखाली दोनच प्रकारच्या कमेंट दिसतात. एक, ‘हे सगळं फुगवलेलं आहे, कधीतरी फुटणार.’ दोन, ‘भावा, आपणही स्टार्टअप काढायला पाहिजे.’ पण पैसे देणारा नेमका काय विचार करतो, हे समजून घेतलं तर दोन्ही कमेंट अर्धवट वाटायला लागतात.

मुळात हे पैसे कुणाचे असतात?

व्हेंचर कॅपिटल, म्हणजेच व्हीसी, याला मराठीत ‘साहस भांडवल’ म्हणतात. व्हीसी फर्म बहुतेक वेळा स्वतःच्या खिशातले पैसे लावत नाही. पेन्शन फंड, विमा कंपन्या, विद्यापीठांचे निधी, श्रीमंत घराणी आणि काही देशांची सरकारं यांच्याकडून ती पैसे गोळा करते, त्याचा एक फंड बनवते आणि तो फंड स्टार्टअप्समध्ये गुंतवते.

याचं ताजं उदाहरण झेप्टोचंच आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये कंपनीने ७०० कोटी डॉलरच्या मूल्यांकनावर ४५ कोटी डॉलर उभे केले, तेव्हा त्या फेरीचं नेतृत्व ‘कॅलपर्स’ने केलं. कॅलपर्स म्हणजे अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याच्या सरकारी कर्मचाऱ्यांचा पेन्शन फंड. यावेळी त्याने पैसे थेट कंपनीत घातले. म्हणजे तिकडच्या कर्मचाऱ्याच्या म्हातारपणाची पुंजी इकडे आपल्या गल्लीतल्या डिलिव्हरीत लागली आहे.

भारतात असे फंड सेबीच्या २०१२ च्या पर्यायी गुंतवणूक निधी नियमांखाली चालतात. त्यात सर्वसाधारण गुंतवणूकदाराला किमान १ कोटी रुपये टाकावे लागतात. त्यामुळे सामान्य माणूस या खेळात थेट उतरत नाही. तो येतो शेवटी, आयपीओच्या वेळी. त्यावर पुढे बोलूच.

फंडाची मुदत साधारण दहा वर्षांची असते. फंड चालवणाऱ्यांचा मोबदला दोन भागांत मिळतो. दरवर्षी फंडाच्या सुमारे २ टक्के रक्कम खर्चासाठी आणि शेवटी झालेल्या नफ्यातला सुमारे २० टक्के वाटा. हे आकडे फंडागणिक थोडे बदलतात, पण साचा हाच.

यातून दोन गोष्टी ठरतात. पहिली, व्हीसीच्या डोक्यावर घड्याळ टांगलेलं असतं. दहा वर्षांत पैसे परत करायचेच. दुसरी, त्याला मोठी कमाई व्याजातून होत नाही. ती एखाद्या कंपनीत जबरदस्त नफा झाला तरच होते.

दहापैकी सहा बुडाल्या तरी चालतं?

बँकेचा विचार असा असतो: शंभर जणांना कर्ज दिलं तर पाच जणांनीही बुडवता कामा नये. कारण बँकेला जास्तीत जास्त काय मिळणार? व्याज. एक कर्ज बुडालं की अनेक कर्जांचं व्याज त्यात जातं.

व्हीसीचं गणित याच्या बरोबर उलटं आहे. ‘कोरिलेशन व्हेंचर्स’ या अमेरिकन फर्मने २००४ ते २०१३ या काळातल्या २१ हजारांहून अधिक गुंतवणुकींचा अभ्यास केला. त्यात सुमारे ६५ टक्के गुंतवणुकींमध्ये घातलेले पैसेही पूर्ण परत आले नाहीत. दहापट किंवा त्याहून जास्त परतावा देणाऱ्या गुंतवणुकी होत्या फक्त ४ टक्के. पन्नासपटीच्या वर गेलेल्या तर अर्धा टक्काही नाहीत.

मग धंदा चालतो कसा? एक काल्पनिक हिशेब करून बघू.

समजा ५०० कोटींचा फंड आहे आणि त्यातून २५ कंपन्यांमध्ये प्रत्येकी २० कोटी लावले. सोय म्हणून फी बाजूला ठेवू. ७ टक्के व्याजाच्या मुदत ठेवीत हे पैसे दहा वर्षांत जवळपास दुप्पट झाले असते, तेही निवांत झोपून. त्यामुळे एवढी जोखीम घेणाऱ्या गुंतवणूकदारांना किमान तिप्पट, म्हणजे १,५०० कोटी तरी हवेत.

आता २५ पैकी १६ कंपन्या गडगडल्या आणि त्यांच्याकडून सगळे मिळून ८० कोटी परत आले. ८ कंपन्या बऱ्या चालल्या, अडीचपट झाल्या. त्यांचे आले ४०० कोटी. एकूण ४८० कोटी. राहिलेले १,०२० कोटी कुठून येणार? उरलेल्या एका कंपनीतून!

त्या कंपनीत फंडाचा हिस्सा शेवटी १० टक्के राहिला असेल, तर तिची किंमत १० हजार २०० कोटी रुपये व्हायला हवी. म्हणजेच १०० कोटी डॉलरच्या वर. आपण ज्याला ‘युनिकॉर्न’ म्हणतो, ते हेच.

पण चेक देताना पंचविसातली ती एक कोणती, हे कुणालाच माहीत नसतं. म्हणून व्हीसी प्रत्येक संस्थापकाकडे एकाच चष्म्यातून बघतो: सगळं नीट जुळून आलं, तर ही कंपनी १० हजार कोटींची होऊ शकते का?

आता समजा, नाशिकच्या एखाद्या उद्योजकाची सॉफ्टवेअर कंपनी वर्षाला ५ कोटी नफा कमावते आणि फार तर १०० कोटींची होईल. धंदा उत्तम आहे. पण त्यातला १० टक्के हिस्सा म्हणजे १० कोटी. ५०० कोटींच्या फंडाला त्याने काहीच फरक पडत नाही. म्हणून व्हीसी नकार देतो. त्या नकाराचा अर्थ ‘तुमचा धंदा वाईट आहे’ असा नसतो. ‘तुमचा धंदा आमच्या गणितात बसत नाही’ एवढाच असतो. नवउद्योजक मात्र बरेचदा हा नकार स्वतःच्या लायकीवर घेतात.

ही एक कंपनी सगळ्यांना तारते, याची खरी उदाहरणं

हे गणित जुनं आहे. १९५७ मध्ये अमेरिकेतल्या ‘एआरडीसी’ या सुरुवातीच्या व्हेंचर कॅपिटल कंपनीने ‘डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन’ या संगणक कंपनीत ७० हजार डॉलर लावले. साधारण दशकभरात त्या हिश्श्याची किंमत ३५ कोटी डॉलरच्या पुढे गेली. एआरडीसीच्या बाकी गुंतवणुकी त्यापुढे किरकोळ ठरल्या.

सॉफ्टबँकेच्या मासायोशी सन यांनी २००० मध्ये चीनच्या अलीबाबात २ कोटी डॉलर लावले. २०१४ मध्ये अलीबाबा शेअर बाजारात आली, तेव्हा तो हिस्सा हजारो कोटी डॉलरचा झाला होता. पुढे याच सॉफ्टबँकेने ऑफिसच्या जागा भाड्याने देणाऱ्या ‘वीवर्क’वर प्रचंड पैसा लावला. २०१९ च्या सुरुवातीला वीवर्कचं मूल्यांकन ४,७०० कोटी डॉलर होतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिने दिवाळखोरीसाठी अर्ज केला.

भारतातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण फ्लिपकार्ट. सचिन बन्सल आणि बिन्नी बन्सल यांनी २००७ मध्ये बंगळुरूत पुस्तकं विकायला सुरुवात केली. २००९ मध्ये ॲक्सेलने सुमारे १० लाख डॉलर दिले. मग टायगर ग्लोबल आली. तेव्हा भारतात लोक ऑनलाइन कार्डाने पैसे भरायला घाबरायचे, म्हणून कंपनीने ‘माल हातात आल्यावर पैसे द्या’ ही सोय दिली. वर्षानुवर्षं तोटा झाला. आणि मे २०१८ मध्ये वॉलमार्टने १,६०० कोटी डॉलर मोजून ७७ टक्के हिस्सा घेतला. सुरुवातीच्या गुंतवणूकदारांचे बाकी अनेक फसलेले चेक या एका सौद्यात धुऊन निघाले.

मग ‘हो’ म्हणताना नेमकं काय बघतात?

प्रत्येक फर्मची पद्धत वेगळी असते, पण प्रश्न साधारण पाच असतात.

पहिला, बाजार किती मोठा आहे? किराणा, पेमेंट, शिक्षण, जेवण. यात कोट्यवधी ग्राहक आहेत. म्हणूनच या क्षेत्रांतल्या स्टार्टअप्सची नावं सतत कानावर पडतात.

दुसरा, माणूस कोण आहे? सुरुवातीला कंपनीकडे दाखवायला आकडे नसतात. असते ती एक कल्पना, आणि ती बहुतेक वेळा बदलते. झेप्टोची सुरुवातही ‘किराणाकार्ट’ नावाने, जवळच्या दुकानांतून माल पोहोचवण्यापासून झाली होती. ते नीट जमेना म्हणून त्यांनी स्वतःची छोटी गोदामं, म्हणजे डार्क स्टोअर्स, उघडली. पहिली कल्पना फसल्यावर हे लोक काय करतील, याचा अंदाज गुंतवणूकदार बांधत असतो. पण याच ठिकाणी पक्षपातही शिरतो. त्याच त्या नामांकित संस्था, तेच इंग्रजी, त्याच ओळखी. तालुक्याच्या गावातून आलेल्या संस्थापकाला त्या खोलीत पोहोचायलाच जास्त वेळ लागतो.

तिसरा, वाढ खरी आहे की सवलतीची? शंभर रुपयांची वस्तू सत्तरला विकली तर गर्दी होणारच. बघायचं असतं ते हे की सवलत थांबल्यावर ग्राहक राहतो का. एक ग्राहक मिळवायला किती खर्च आला आणि तो पुढच्या काही वर्षांत किती कमवून देईल? पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा मोठा असेल, तर प्रत्येक नव्या ग्राहकाबरोबर तोटा वाढतच जातो. आज गोदाम, ॲप आणि जाहिरातीवर खर्च होतोय म्हणून आलेला तोटा वेगळा, आणि प्रत्येक ऑर्डरमागेच पैसे जातात म्हणून आलेला तोटा वेगळा. ‘तोट्यातली कंपनी’ असं सरसकट म्हणताना हा फरक निसटतो.

चौथा, उद्या कुणी नक्कल केली तर? जितके जास्त लोक व्हॉट्सॲपवर, तितकं ते सोडणं अवघड. अशी पकड असलेली कंपनी गुंतवणूकदाराला सोन्यासारखी वाटते. सिकोइया या फर्मने व्हॉट्सॲपमध्ये सुमारे ६ कोटी डॉलर लावले होते. २०१४ मध्ये फेसबुकने १,९०० कोटी डॉलरमध्ये व्हॉट्सॲप घेण्याची घोषणा केली आणि सिकोइयाच्या वाट्याला जवळपास ३०० कोटी डॉलर आले.

पाचवा, आम्ही बाहेर कसे पडणार? घड्याळ आठवतंय ना? शेवटी हिस्सा कुणाला तरी विकायचा असतो. मोठी कंपनी विकत घेईल, दुसरा गुंतवणूकदार घेईल किंवा आयपीओतून जनता घेईल. टायगर ग्लोबलने फ्लिपकार्टमधला उरलेला हिस्सा २०२३ मध्ये वॉलमार्टला सुमारे १४० कोटी डॉलरला विकला, तेव्हा कुठे तो प्रवास संपला.

नकार देण्याची भीती

व्हीसीचं नुकसान दोन प्रकारे होतं. चुकीच्या कंपनीत पैसे लावले तर जास्तीत जास्त तेवढे पैसे जातात. पण पुढे गूगल होणाऱ्या कंपनीला नकार दिला, तर हजारपट परतावा जातो. दुसरी चूक जास्त महाग.

‘बेसेमर व्हेंचर पार्टनर्स’ ही जुनी अमेरिकन फर्म तर आपण नाकारलेल्या कंपन्यांची यादीच जाहीरपणे मिरवते. तिच्यात ॲपल, गूगल, फेसबुक, एअरबीएनबी अशी नावं आहेत. गूगलची गंमत अशी की फर्मच्या एका भागीदाराच्या कॉलेजातल्या मैत्रिणीनेच आपलं गॅरेज गूगलच्या संस्थापकांना भाड्याने दिलं होतं. तरी त्याने तिकडे ढुंकून पाहिलं नाही.

या भीतीतूनच झुंड तयार होते. एका मोठ्या फर्मने एखाद्या क्षेत्रात पैसे लावले की बाकीच्यांना वाटतं, आपली गाडी चुकतेय. कोविडच्या काळात हे शिगेला पोहोचलं. अमेरिकेत मार्च २०२० पासून व्याजदर शून्याजवळ होते. ठेवीत काही मिळेना, म्हणून पैसा जोखमीकडे धावला. बेन अँड कंपनीच्या अहवालांनुसार भारतात २०२१ मध्ये सुमारे ३,८५० कोटी डॉलरची व्हीसी गुंतवणूक झाली आणि एका वर्षात ४४ युनिकॉर्न तयार झाले. मार्च २०२२ पासून अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने दर वाढवायला घेतले. जुलै २०२३ पर्यंत ते सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांवर गेले. त्या वर्षी भारतातली गुंतवणूक आली सुमारे ९६० कोटी डॉलरवर. दोन वर्षांत पाव हिस्सा. या दोन वर्षांत भारतातले संस्थापक काही अचानक कमी हुशार झाले नव्हते. पैशाची किंमत बदलली होती.

मूल्यांकन म्हणजे बँकेतले पैसे नव्हेत

‘अमुक कंपनी २०० कोटींची झाली’ अशी बातमी येते. होतं काय, तर कुणीतरी २० कोटी देऊन १० टक्के हिस्सा घेतलेला असतो. मग १० टक्के म्हणजे २० कोटी, तर शंभर टक्के म्हणजे २०० कोटी, असा गुणाकार होतो. ते २०० कोटी कुठल्याच खात्यात नसतात. उरलेले ९० टक्के शेअर त्या भावाने घ्यायला कुणी रांगेत उभंही नसतं.

शिवाय सगळे शेअर सारखे नसतात. गुंतवणूकदारांच्या करारात बहुतेक वेळा एक अट असते: कंपनी विकली गेली, तर आधी आमचे पैसे परत, मग बाकीच्यांचे. समजा एकाने १०० कोटी देऊन २० टक्के हिस्सा घेतला. कागदावर कंपनी ५०० कोटींची. पुढे दिवस फिरले आणि ती १२० कोटींना विकली गेली. साधा हिशेब केला तर त्याचे २० टक्के, म्हणजे २४ कोटी. पण अटीमुळे तो आधी १०० कोटी उचलतो. संस्थापक आणि कर्मचारी मिळून सगळ्यांना उरतात २० कोटी.

पगार कमी घेऊन त्याऐवजी ईसॉप, म्हणजे कंपनीचे शेअर घेणाऱ्या तरुणांना ही अट अनेकदा माहीतच नसते. ‘माझे कागदावर ८० लाख आहेत’ असं घरी सांगितलेलं असतं. प्रत्यक्षात हातात काय येणार, हे कंपनी किती रुपयांना विकली जाते आणि रांगेत आपल्या पुढे कोण उभं आहे, यावर ठरतं.

आणि गणित चुकतं तेव्हा किंमत कोण मोजतं?

बायजूज २०११ मध्ये सुरू झाली. चॅन झुकरबर्ग इनिशिएटिव्ह, सिकोइया, प्रोसस अशी बडी नावं तिच्यामागे उभी राहिली. कोविडमध्ये शाळा बंद झाल्या आणि कंपनीने वाढीचा वेग प्रचंड वाढवला. ऑगस्ट २०२० मध्ये मुंबईची व्हाइटहॅट ज्युनिअर ३० कोटी डॉलरमध्ये घेतली. २०२१ मध्ये आकाश ही क्लासची साखळी जवळपास १०० कोटी डॉलरमध्ये. २०२२ मध्ये मूल्यांकन पोहोचलं २,२०० कोटी डॉलरवर. भारतातला सगळ्यात महाग स्टार्टअप!

मग शाळा उघडल्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये कंपनीने २,५०० जणांना कमी करण्याची घोषणा केली. पालकांना दबाव टाकून कोर्स विकल्याच्या आरोपांवरून डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने कंपनीच्या प्रमुखांना समन्स पाठवलं. जून २०२३ मध्ये डेलॉइटने लेखापरीक्षकपद सोडलं आणि गुंतवणूकदारांचे तीन प्रतिनिधी संचालक मंडळातून बाहेर पडले. जुलै २०२४ मध्ये बीसीसीआयच्या सुमारे १५९ कोटींच्या थकबाकीवरून कंपनीविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. प्रोससने आपली गुंतवणूक शून्य धरली.

इथे नीट बघा. प्रोससचं नुकसान मोठं होतं, सुमारे ४९ कोटी डॉलर. पण अशा गुंतवणूकदाराकडे इतर डझनावारी कंपन्या असतात आणि काही बुडणार हे त्याने आधीच धरलेलं असतं. नोकरी गेलेल्या कर्मचाऱ्याकडे एकच नोकरी होती. मुलाच्या कोर्ससाठी कर्ज काढलेल्या पालकाकडे एकच पगार होता. पंचवीस ठिकाणी जोखीम वाटण्याची सोय फक्त फंडाकडे असते.

दहा मिनिटांच्या डिलिव्हरीतही तेच आहे. बंगळुरूच्या ‘डन्झो’त गूगलने पैसे लावले होते. जानेवारी २०२२ मध्ये रिलायन्सने २० कोटी डॉलर लावले. तीन वर्षांत डन्झोचं ॲप बंद पडलं आणि रिलायन्सने ती गुंतवणूक बुडीत धरली. त्याच क्षेत्रात ब्लिंकिट आणि झेप्टो वाढल्या. गुंतवणूकदारांच्या दृष्टीने एक हरला, दोन जिंकले, हिशेब बसला. पण या शर्यतीतल्या सवलतींची झळ कोपऱ्यावरच्या दुकानदाराला बसते. २०२४ मध्ये ग्राहकोपयोगी वस्तूंच्या वितरकांच्या अखिल भारतीय महासंघाने क्विक कॉमर्स कंपन्या तोट्यात माल विकून बाजार बिघडवतात, अशी तक्रार भारतीय स्पर्धा आयोगाकडे केली, ती याचसाठी.

सगळ्यांनाच व्हीसी लागतो का?

नाही. झेरोधाने व्हीसीचा एक रुपयाही घेतला नाही. २०२३-२४ मध्ये तिचा नफा सुमारे ४,७०० कोटी रुपये होता. झोहोही स्वतःच्या कमाईवर वाढली.

महाराष्ट्रातलं बोलकं उदाहरण क्विक हीलचं. साताऱ्यातल्या रहिमतपूरचे कैलास काटकर दहावीनंतर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीचं काम करायला लागले. पुढे भाऊ संजय यांच्यासोबत अँटिव्हायरसची कंपनी उभी केली. २०१० मध्ये सिकोइयाने तिच्यात ६० कोटी लावले, तेव्हा कंपनी आधीच स्वतःच्या पायावर उभी होती आणि नफ्यात होती. २०१६ मध्ये ३२१ रुपये भावाने आयपीओ आला आणि पहिल्याच दिवशी शेअर त्याखाली घसरला. म्हणजे नफ्यातली कंपनी असूनही बाजार लगेच डोक्यावर घेईलच असं नाही. पण बाहेरचा पैसा आटला म्हणून कंपनी बंद पडण्याची वेळ तिच्यावर नव्हती.

दुसरा धडा झोमॅटोचा. २०१० मध्ये संजीव बिखचंदानी यांच्या इन्फो एजने तिच्यात ४.७ कोटी लावले आणि पुढे आणखी पैसे घातले. जुलै २०२१ मध्ये झोमॅटो बाजारात आली, तेव्हा त्या हिश्श्याची किंमत १० हजार कोटींच्या वर गेली. पण इन्फो एज हा दहा वर्षांच्या मुदतीचा फंड नव्हता. नोकरी डॉट कॉम चालवणारी ती सूचीबद्ध कंपनी. डोक्यावर घड्याळ नसल्याने तिने त्या आयपीओत फक्त ३७५ कोटींचे शेअर विकले आणि बाकीचे ठेवले.

तुमचा संबंध कुठे येतो?

आयपीओत. झोमॅटोचा आयपीओ ९,३७५ कोटींचा होता. त्यातले ९,००० कोटी कंपनीत जाणार होते. नोव्हेंबर २०२१ मध्ये आलेला पेटीएमचा आयपीओ १८,३०० कोटींचा होता. त्यातले १०,००० कोटी जुने भागधारक आपले शेअर विकून बाहेर काढणार होते, कंपनीत फक्त ८,३०० कोटी. २,१५० रुपयांना दिलेला शेअर पहिल्याच दिवशी २७ टक्के पडला. अर्थात झोमॅटोचाही ७६ रुपयांचा शेअर जुलै २०२२ मध्ये ४० च्या आसपास आला होता, नंतर सावरला. जुने गुंतवणूकदार विकतात म्हणजे काहीतरी काळंबेरं आहे असं नाही, त्यांची मुदत संपलेली असू शकते. पण आपले पैसे धंदा वाढवायला जाणार की कुणाला बाहेर पडायला, हे माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेलं असतं. ‘ऑफर फॉर सेल’चा आकडा शोधायला दोन मिनिटं लागतात.

नोकरी घेताना विचारा: हातातल्या पैशांवर कंपनी किती महिने चालेल? ईसॉप कधी विकता येतील? गुंतवणूकदारांनी एकूण किती पैसे घातलेत? कारण तेवढी रक्कम तुमच्या आधी रांगेत आहे.

स्वतःचा धंदा उभा करत असाल, तर व्हीसीकडे जाण्याआधी एकाच प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर द्या: हे दहा वर्षांत १० हजार कोटींचं होऊ शकतं का, आणि मुळात तसं व्हावं असं तुम्हाला वाटतं का? उत्तर ‘नाही’ असेल तर त्यात कमीपणा काहीच नाही. बँकेचं कर्ज, ग्राहकाकडून आगाऊ रक्कम, नफ्यातून हळूहळू वाढ, हे रस्ते खुले आहेत. व्हीसीचे पैसे घेतले की हप्ता नसतो हे खरं, पण त्याचं घड्याळही सोबत येतं. मग दुप्पट वेगाने धावा किंवा कंपनी विका, हा दबाव राहतो.

आणि कोपऱ्यावरचा तो दुकानदार? त्याचा धंदा कुठल्याच व्हीसीच्या चष्म्यातून दिसणार नाही. तो १० हजार कोटींचा होणार नाही, पण पंचवीस वर्षं त्याने कुणाचे पैसेही बुडवलेले नाहीत. त्याला हवंय ते पाच लाखांचं, वेळेत मिळणारं, परवडणाऱ्या व्याजाचं कर्ज. ते देणं व्हीसीचं काम नाहीच. ते काम बँकेचं आहे. आणि ॲपवरच्या सवलती किती काळ आणि कुणाच्या जिवावर चालू द्यायच्या, हे ठरवण्याचं काम स्पर्धा आयोगाचं.